सुपातला जवळा आणि समुद्राच्या तळाची पंगत

जरा लांब लिहिलंय, जेवणं झाल्यावर निवांत वाचा.

मेच्या शेवटी आईने पावसाळ्याची सुकट भरायला घेतली. जवळा, बोंबलाच्या काड्या, थोडेसे सोडे. सोड्यांचा भाव ऐकून थोडेसेच. अंगणात गोणपाट टाकून आई सुपात जवळा निवडायला बसली की मी पण जाऊन बसतो. लहानपणापासूनची खोड आहे. जवळ्यात जे जे वेगळं निघेल ते बाजूला काढून ठेवायचं. पूर्वी चार-दोन खेकडे निघायचे, एखादं माकलाचं पिल्लू निघायचं आणि आम्ही भावंडं त्यावरून भांडायचो.

यंदा भांडायला भावंडं नव्हती, पण वेगळं निघालेलं एवढं होतं की वाटी भरली. नखाएवढ्या लेपी, वाळून कागदासारख्या झालेल्या. काडीपेटीतल्या काडीएवढे बोंबील. ढोमीची पिल्लं, डोळ्यांच्या जागी काळे ठिपके. आई म्हणाली, "जवळा घेतलाय का कचरा?" पुढच्या बाजारच्या दिवशी मी तो प्रश्न सुकटवाल्या मावशीला विचारला. उरणकडची आहे, कित्येक वर्षं आमच्या बाजारात बसते. ती म्हणाली, "औंदा जवला कमी गावला रं बाला, बाकीचाच जास्त. आमी काय करू, जाल्यात जा येतं ता येतं."

त्या वाटीवरून ही पोस्ट सुचली. नंतर लक्षात आलं ते असं, की आईच्या सुपात जेवणारे आणि जेवण एकाच वेळी वाळून पडले होते. ती लेप, तो बोंबील, ती ढोमी हे सगळे जवळा किंवा त्याच्या शेजारपाजारचे किडे-कोळंब्या खाऊन मोठे होणार होते. ज्या पंगतीला बसायचे, त्या पंगतीतल्या भातासकट उचलले गेले.

आता काही जण म्हणतील, तू राहतोस कर्जतला, तुझा समुद्राशी संबंध काय? इथून समुद्र दिसत नाही, दिसतो तो राजमाचीचा डोंगर. खरं आहे. पण जून ते ऑगस्ट आपल्याकडच्या किती घरांत संध्याकाळच्या भाकरीबरोबर जवळ्याची चटणी असते ते मोजा. भाजी महाग, नदीला पूर, मजुरी बंद, ताजी मासळी बंद. ठाकूरवाडीत, कातकरीवाडीत तर मूठभर जवळा, मिरची, मीठ आणि तांदळाची भाकर हेच कालवण. सुक्या जवळ्याचं निम्म्याहून जास्त वजन प्रथिनांचं असतं, आणि तो सालासकट खाल्ला जातो म्हणून कॅल्शियमही पोटात जातं. कर्जतच्या वाड्यांमधल्या कुपोषणावर दर वर्षी बैठका होतात. त्या बैठकांत जवळ्याचं नाव निघाल्याचं मी ऐकलेलं नाही. तेव्हा त्या पंगतीत आपणही बसलेलो आहोत, फक्त आपलं पान जरा लांब, घाटाच्या पायथ्याला मांडलेलं आहे.

आधी ती पंगत कशी बसते ते सांगतो.

आपल्याकडे ज्यांनी शेततळ्यात मासे सोडलेत त्यांना हे पटकन कळेल. मत्स्यबीज आणायला गेलं की सांगतात, कटला, रोहू, मृगळ असं मिसळून सोडा. का? कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला चिखलातलं कुजलेलं खातो. तीन मजल्यांचं घर, तीन भाडेकरू, कुणाची चूल कुणाच्या आड येत नाही. सायप्रिनस सोडला की मात्र गणित बदलतं, कारण तोही तळाचाच. मृगळ आणि सायप्रिनस दोन्ही भरमसाट सोडले तर दोघेही बारीक राहतात. म्हणून तळाच्या माशांचा आकडा दोघांचा मिळून धरायचा असतो. तळ्यात पैसे घातलेल्या शेतकऱ्याला हे एका हंगामात कळतं.

समुद्रात हाच तळमजला प्रचंड मोठा आणि गजबजलेला आहे. आपल्या रायगडच्या किनाऱ्यासमोरचा समुद्र गढूळ, तळ चिखलाचा. तिथे डोळ्यांनी शोधून खाणं कठीण, म्हणून प्रत्येकाने आपापली हत्यारं काढली आहेत. शिंगाळ्याला मिशा, चिखलात चाचपडत तो खेकडे, किडे, कोळंबी, शिंपले जे लागेल ते उचलतो. लेप एका कुशीवर पडून तळाला चिकटून सरकते आणि गांडुळासारखे समुद्री किडे टिपते. मुडदुशी निमुळत्या तोंडाने वाळूत खुपसून किडे आणि बारीक कवचवाले काढते. पाकटाचे दात म्हणजे जातं, शिंपले फोडायला. राणी मासा खेकडे, कोळंबी आणि लहान मासे खातो. खाडीतला बोय तर चिखलावरचा साकाच चाटतो. ढोमीचं तोंड खालच्या अंगाला, जवळा आणि कोळंबी वेचायला सोयीचं. (ढोमी साफ करताना डोक्यात दोन पांढरे खडे सापडतात ना, लहानपणी आपण जमवायचो, ते तिच्या कानातले. वयही त्यावरूनच काढतात, झाडाच्या खोडातल्या वळ्यांसारखं.) आणि बोंबील. तो तळाला चिकटलेला नसतो, वर-खाली फिरतो, पण त्याच्या पोटात सगळ्यात जास्त काय निघतं तर जवळा आणि करंदी. ते कमी पडलं तर स्वतःच्याच जातीची पिल्लं. बोंबील आपलीच पोरं खातो हे आपल्या शास्त्रज्ञांनी जुन्या काळापासून नोंदवलेलं आहे.

म्हणजे हत्यारं वेगळी, पण परातीत हात घालायला बरेच जण. त्या परातीत मधोमध जवळा.

हे मोजायची पद्धत आहे, आणि ती अगदी साधी आहे. बोटीवरून मासे आणायचे, पोट फाडायचं, आत काय निघालं त्याचं वजन करायचं. वर्सोव्याच्या मत्स्य शिक्षण संस्थेत आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रांत अशी पोटं वर्षानुवर्षं फाडली जातात. मग दोन जातींची ताटं शेजारी ठेवायची. समजा, ढोमीच्या पोटात शंभरात ६० भाग जवळा, ३० करंदी, १० लहान मासे. शिंगाळ्याच्या पोटात ३० जवळा, २० करंदी, बाकीचे ५० खेकडे आणि किडे. (हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, खरे समजू नका.) दोघांत सामाईक किती? जवळ्याचे ३०, करंदीचे २०, मिळून ५०. म्हणजे अर्धं ताट सारखं, ०.५. शोनर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ही रीत वापरात आणली. ०.६ च्या वर आकडा गेला की दोघांचं खाणं लक्षात घेण्याइतकं सारखं असं साधारणपणे मानतात.

आता गंमत अशी, की वय बदललं की ताट बदलतं. मोठा झालेला मासा आपल्या वाटेने जातो. कुणी खेकड्यांकडे वळतो, कुणी दुसऱ्या माशांवर जगतो. पण पिल्लं असताना तोंडं सगळ्यांचीच लहान, म्हणून अन्नही लहान. ढोमी, वाकटी, बोंबील यांची पोरं जवळ्यावर वाढतात. अंगणवाडीत सगळ्यांचा डबा एकच असतो तसं. त्यामुळे खाणं सर्वात जास्त सारखं असतं ते या वयात, आणि उपासमार झाली तर पहिला मार बसतो तोही याच वयाला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यावरून बरेच लोक घसरतात. दोन माशांचं खाणं सारखं आहे म्हणजे त्यांच्यात भांडण आहे असं नाही. लग्नाच्या पंगतीत पाचशे माणसं एकच वरण-भात खातात, कुणी कुणाच्या पानावर डोळा ठेवत नाही, कारण वाढपी येतोच आहे. वाढपी यायचा थांबला की मग बघा. समुद्रात जवळा मुबलक असतो त्या दिवसांत सगळेच त्याच्यावर तुटून पडतात, ताटं सारखी होतात, आणि तरी कुणाचं काही बिघडत नाही. जवळा आटला की ज्याला जमेल तो दुसरं खायला लागतो. लेप किड्यांकडे, शिंगाळा चिखलाकडे. ज्याला जमत नाही तो रोडावतो.

रशियातल्या गॉझ या शास्त्रज्ञाने १९३४ साली हे काचेच्या नळीत दाखवलं. दोन जातींचे सूक्ष्मजीव एकाच खाण्यावर ठेवले तर काही दिवसांनी एकच उरला. पण दुसऱ्या एका जोडीत दोघेही जगले, कारण एकाने नळीचा तळ धरला आणि दुसऱ्याने वरचं पाणी. मला हा प्रयोग फार आवडतो. कारण त्यातून कळतं की जगायला वेगवेगळी जागा आणि वेगवेगळं खाणं शिल्लक असलं तर भांडण टळतं. समुद्राच्या तळाला ही सोय लाखो वर्षांत झालेली होती. कुणी रात्री खातो, कुणी भरतीला, कुणी चार वाव खोल, कुणी वीस वाव.

मग बिघडलं काय?

तळावरून ट्रॉल फिरला. आपल्याकडे १९६० नंतर यांत्रिक ट्रॉलर वाढले, परदेशात कोळंबी जायला लागली म्हणून. ट्रॉलचं जाळं तळाला घासत जातं. नांगरणीच म्हणा, पण अशी नांगरणी की जी महिन्यातून कितीदा होते याचा हिशोब नाही आणि पेरणी कुणीच करत नाही. त्या घासण्यात किडे, शिंपले, बारीक खेकडे चिरडतात किंवा उघडे पडतात. म्हणजे जवळा कमी पडला की लेपीने आणि शिंगाळ्याने ज्या पर्यायाकडे वळायचं, तो पर्यायच खरवडून निघतो. दोन दारं होती, दोन्ही एकाच वेळी बंद.

शिंगाळ्यावर तर दुहेरी आपत्ती आली. त्याचा नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो, आणि त्या काळात तो काही खात नाही. असा बाप जगात शोधून सापडायचा नाही. कर्नाटकच्या किनाऱ्यावर १९८० च्या दशकात पर्ससीन जाळ्यांनी असे तोंडात अंडी घेतलेले नर टनांनी पकडले, आणि पुढे तिथली शिंगाळ्याची मासेमारी बसली. इथे चिखलातल्या अन्नावरून कुणी कुणाला हरवलं नाही. एक जेवणाराच उठवला गेला.

"पण जवळा तर काही वर्षी भरपूर येतो की!" असं एका मित्राचं म्हणणं. तो अलिबागकडचा, त्याच्या घरी डोल आहे, त्यामुळे त्याला उडवून लावता येत नाही. बरोबर आहे त्याचं. जवळ्याचं आयुष्य महिन्यांत मोजायचं, तो भराभर वाढतो, पाऊस-पाण्याप्रमाणे कमी-जास्त होतो. पण भरपूर येण्याचं एक कारण असंही असू शकतं, की त्याला खाणारेच कमी झाले. घरात उंदीर वाढले म्हणून धान्य जास्त पिकलं असं आपण म्हणत नाही, मांजर कुठे गेलं ते बघतो. एका वर्षाच्या जवळ्यावरून समुद्र बरा आहे की आजारी हे ठरवता येत नाही. जवळा, ढोमी, बोंबील, लेप सगळ्यांकडे एकत्र बघावं लागतं. आणि नेमकं तेच आपण करत नाही.

आता या पंगतीतला सगळ्यात मोठा जेवणारा. आपण. म्हणजे फक्त चटणी खाणारे तुम्ही-आम्ही असं नाही. ट्रॉलच्या जाळ्यात जी बारीक मासळी येते, जी बाजारात विकत नाही, त्यात पिल्लंही असतात, तिचा मोठा भाग मासळीच्या भुकटीच्या कारखान्यांत जातो. ती भुकटी कोळंबीच्या शेतीला लागते, माशांच्या खाद्यात जाते, काही कोंबडीखाद्यातही जाते. आपल्या कर्जत-खालापुरात पोल्ट्रीच्या शेड किती आहेत ते पनवेल-खोपोली रस्त्याने जाताना वासावरून कळतं. मी पोल्ट्रीवाल्यांना दोष देत नाही, माझ्या नात्यातच दोन शेड आहेत. पण बघा काय होतं. ढोमीचं पिल्लू जे जवळा खाऊन मोठं झालं असतं, ते दळून कोंबडीला घातलं. त्या पिल्लाची ढोमी झाली असती, ती ढोमी कातकरीवाडीतल्या कुणी स्वस्तात घेतली असती. कोंबडी स्वस्तात मिळत नाही. म्हणजे अन्न तयार झालं, पण खालच्या पानावरून उचलून वरच्या पानावर गेलं.

समुद्रातल्या स्पर्धेत जो लहान तोंडाचा आणि ज्याला दुसरं काही खाता येत नाही तो आधी मरतो. जमिनीवरही तसंच चाललंय. ज्याला पापलेट परवडतं त्याला जवळा नसला तर काय फरक पडतो? तो चिकन आणेल. ज्याच्या ताटात जवळ्याशिवाय दुसरं काही नाही त्याचं काय? २०२३ साली आपण पापलेटला राज्यमासा केलं. चांगलं केलं, पापलेट वाचायलाच हवं. पण माझ्या मते मान द्यायचा होता तर जवळ्याला द्यायला हवा होता. तो शोभिवंत नाही, त्याचा फोटो पोस्टरवर बरा दिसत नाही, आणि मंत्रिमहोदयांच्या ताटात तो बहुतेक नसतो. एवढंच.

कायदा नाही असं नाही. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात सुधारणा करून दंड वाढवले. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. ट्रॉलच्या मागच्या पिशवीला ४० मिलीमीटरचे चौकोनी आस असावेत असा नियम आहे, म्हणजे पिल्लं निसटतील. २०२३ मध्येच राज्याने ५४ जातींच्या माशांचा किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान पकडायचा नाही. कागदावर हे चांगलं आहे. माझं म्हणणं दोन आहेत.

पहिलं, आस मोजतं कोण? बंदरात जाळं उतरतं तेव्हा तिथे पट्टी घेऊन उभा राहणारा माणूस लागतो. मत्स्यव्यवसाय खात्याकडे माणसं कमी, गस्तीला बोटी कमी, ही तक्रार कोळी बांधव कित्येक वर्षं करताहेत. छोट्या डोलवाल्याला पकडणं सोपं, रात्रीच्या अंधारात मोठा ट्रॉलर पकडणं अवघड, त्यामुळे कारवाई कुणावर होते ते वेगळं सांगायला नको.

दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं. हे सगळे नियम माशाला एकेकटं धरून केलेले आहेत. ढोमी इतकी लांब असावी, बोंबील इतका लांब असावा. पण ती ढोमी त्या लांबीपर्यंत पोचणार काय खाऊन, याचा विचार नियमात कुठे आहे? शेततळ्यातला शेतकरी सुद्धा मृगळ सोडताना सायप्रिनसचा हिशोब धरतो. सातशेहून जास्त किलोमीटरच्या किनाऱ्याच्या राज्याला तेवढं तरी जमायला हवं. माझी मागणी सरळ आहे: दर वर्षी मासळीचे आकडे जाहीर होतात त्याबरोबर, त्या वर्षी जवळा आणि करंदी किती आली, तिच्यातली किती माणसांच्या पोटात गेली आणि किती भुकटीच्या कारखान्यात, हेही जाहीर करा. आणि अंदाज घ्या, तळाच्या माशांसाठी समुद्रात किती राहू द्यायला हवी. जवळा पकडणं बंद करा असं मी म्हणत नाही, हे नीट वाचा. डोलीवर पिढ्यान् पिढ्या जगणाऱ्या कोळ्याच्या तोंडचा घास काढून समुद्र वाचवायचा नसतो. माणसासाठी आधी, कारखान्यासाठी नंतर, आणि त्याच्याही आधी समुद्रासाठी थोडं शिल्लक, एवढा क्रम लावा.

आता आपल्या दाराशी येतो, कारण आतापर्यंतचं वाचून कुणाला वाटेल की दोष सगळा बंदराकडचा.

आपल्या नद्या कुठे जातात? कर्जतची उल्हास राजमाचीच्या बाजूने उतरते, भिवपुरीच्या वीजघरातलं पाणी घेऊन पेज तिला मिळते, पुढे बदलापूर-कल्याण करत ती वसईच्या खाडीला लागते. खालापूरची पाताळगंगा खोपोलीतून, टाटांच्या १९१५ च्या वीजघरातून बाहेर पडलेलं पाणी घेऊन, रसायनीवरून धरमतरच्या खाडीकडे जाते. याच खाड्यांच्या तोंडाशी, याच गढूळ पाण्यावर जवळा पोसला जातो. तो बारीक वनस्पती-प्राणी आणि कुजलेला साका खातो, आणि त्यातला काही साका आपल्या रानातून वाहून गेलेला असतो. डोंगरातला पाला धरमतरला पोचतो, तिथे जवळा होतो, जवळा सुपात परत येतो. असा हा फेरा आहे.

पण पाल्याबरोबर बाकीचंही जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत उल्हास आणि पाताळगंगा दोघींची नावं आलेली आहेत. नदीत सोडलेली रसायनं चिखलाला चिकटतात, चिखल खाडीत बसतो, तो चिखल किडे खातात, किडे लेप आणि शिंगाळा खातात. पंगतीत कमी वाढणं एक, आणि वाढलेल्या पानात विष कालवणं दुसरं. पावसाळ्यात पहिल्या पुरात पाण्याचा रंग बदलतो, मासे तरंगतात, दोन दिवस फोटो फिरतात, मग सगळं शांत. एकदा मी स्वतः अशीच एक तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. साहेबांनी विचारलं, "तुमचं मासेमारीवर पोट आहे का?" मी नाही म्हटलं. "मग तुमचं नुकसान काय झालं?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय, आईचं सूप घेऊन जायला हवं होतं.

तेव्हा ज्यांना काही करावंसं वाटतं त्यांच्यासाठी. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याचा विषय लेखी द्या, तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. खालापूरकरांनी पाताळगंगेचा, कर्जतकरांनी उल्हास आणि पेजेचा. ज्यांच्या पोल्ट्री आहेत त्यांनी खाद्यवाल्याला विचारा, यात मासळीची भुकटी आहे का आणि कुठली. सोयापेंडीचं खाद्यही मिळतं, भावातला फरक किती ते मला पण सांगा, मी खरंच विचारतोय. अंगणवाडीच्या ताई वाचत असतील तर वाड्यांवर पावसाळ्यात सुकट किती घरांत असते आणि किती दिवस पुरते, हे एकदा वहीत टिपून ठेवा. हा आकडा कुणाकडेच नाही, आणि बैठकीत आकड्याशिवाय कुणी ऐकत नाही.

आणि एक काम सगळ्यांसाठी. यंदा जो जवळा घरात आलाय तो निवडताना पाव किलो वेगळा मोजून घ्या. त्यातून पिल्लं बाजूला काढा: लेपी किती, बोंबील किती, ढोमी किती, खेकडे किती. ओळखू आलं नाही तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ती बघताक्षणी सांगतात. वाटीचा फोटो आणि गावाचं नाव खाली टाका, कुठल्या बाजारातून घेतला तेही. माझ्या वाटीत पाव किलोला एक्केचाळीस लेपी निघाल्या होत्या. आईने त्या फेकू दिल्या नाहीत, तव्यावर कुरकुरीत करून दिल्या. चवीला चांगल्या लागल्या, हेही खोटं कशाला बोलू.